सिस्टरांची धायटी

सिस्टर कुणाला नमस्कार करत नसत. त्या समोरच्याचं मनगट धरत.

भिंगारला त्यांची वरची खोली बघायला गेले, तेव्हा मी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि एक उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांची बाई पायऱ्या उतरून आली. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा डावा हात उचलला, नाडीवर तीन बोटं ठेवली आणि माझ्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघत उभी राहिली. मला वाटलं, आपण चुकीच्या घरात शिरलो. मग हात सोडून त्या म्हणाल्या, "चालू आहे. जरा घाईत आहे, पण चालू आहे. आता नाव सांग."

दूधवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, मतं मागायला आलेली माणसं, सगळ्यांची हीच गत. गॅसचं सिलिंडर आणणारा तर सवयीनं फाटकातूनच हात पुढे करायचा. नाडी बघून सिस्टर कधी म्हणत, "जेवला नाहीस." कधी म्हणत, "भांडून आलास." हे त्यांना नाडीवरून कळायचं की तोंडावरून, ते मला कधी समजलं नाही. पण बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आता मी संगमनेरला असते. लग्न झालं, नोकरी बदलली, घरात माणसं पुष्कळ आहेत. पण दारातून आत आल्यावर कुणीतरी आपलं मनगट धरावं असं रोज एकदा तरी वाटतंच.

मी मूळची खर्ड्याची. नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम लागलं म्हणून खोली शोधत होते. लॅबचं नाव काढल्यावर सिस्टर खूश झाल्या. त्या स्वतः सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. माहेर श्रीरामपूरचं, घराणं ख्रिस्ती, लग्न केलेलं नाही. भाऊ-भाचे तिकडेच. रविवारी इस्त्रीचं पातळ नेसून त्या चर्चला जात आणि आल्या आल्या ते पातळ बदलून बागेत शिरत. बाग म्हणजे काय, मुरमाचा एक उताराचा तुकडा आणि त्यात एकच झाड. झाड म्हणायचं तरी कसं, झुडूपच ते. पण त्या एका झुडपानं आम्हा भाडेकरूंवर राज्य केलं.

ते झुडूप धायटीचं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते. डोंगरउतारावर, जिथे माती नावालाच असते तिथे ही उगवते. माणसापेक्षा थोडी उंच, फांद्या कमानीसारख्या बाहेर वाकलेल्या, खोडाची साल कागदासारखी सुटणारी. वर्षाचे बरेच महिने तिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. आणि थंडी सरता सरता तिच्या काड्यांवर, अगदी बुडापासून शेंड्यापर्यंत, विटकरी-लाल नळीसारखी फुलं लागतात. पानं कमी होतात आणि फुलंच फुलं. त्या फुलांच्या बुडाशी मध असतो. तो प्यायला शिंजीर येतात, चिमणीहून लहान, बाकदार चोचीची पाखरं.

शिंजीर यायला लागले की घरात वॉर्डाचे नियम लागू व्हायचे. फाटक आपटायचं नाही. बागेच्या बाजूच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. जिन्यावर चप्पल वाजवायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम, आरसा उघडा ठेवायचा नाही. शिंजिराच्या नराला आरशात आपलंच रूप दिसलं की तो त्याला दुसरा नर समजून चोच मारत बसतो, चोच दुखेपर्यंत मारतो. म्हणून सिस्टर खिडकीच्या काचांना जुन्या चादरी लावत आणि माझ्या स्कूटीच्या दोन्ही आरशांवर पायमोजे चढवत. पहिल्या वर्षी मी ते मोजे काढायला विसरले आणि तशीच लॅबला गेले. सिग्नलला सगळे बघत होते. संध्याकाळी तक्रार केली तर म्हणाल्या, "लोकांना हसू दे की. तेवढंच रक्त फिरतं."

हा नर या दिवसांत काळा-निळा चमकतो, पेट्रोलचा थेंब पाण्यावर पसरावा तसा. पावसाळा सरला की तोच इतका मळका पिवळट होतो की ओळखू येऊ नये. गळ्यापासून पोटापर्यंत फक्त शाईची एक रेघ राहते. सिस्टर त्या दिवसांतही त्याला ओळखत. "युनिफॉर्म उतरवलाय," म्हणत. मी एकदा मोबाईलवर त्यांना परदेशातल्या एका पक्ष्याचा व्हिडिओ दाखवला. अंगठ्याएवढा पक्षी, फुलासमोर हवेत एका जागी थांबलेला, पंख दिसतसुद्धा नव्हते. मला वाटलं, त्या हरखून जातील. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि फोन परत दिला. "बिचाऱ्याला टेकायला जागा दिली नाही कुणी," म्हणाल्या. शिंजीर फांदीवर बसून पितो. म्हणून छाटणी करताना फुलांच्या काडीजवळ एक तरी ताठ काडी राखायची, हा त्यांचा कायदा होता.

छाटणी मे महिन्यात, फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी. तो दिवस ऑपरेशनचा. आदल्या संध्याकाळी कात्री उकळून ठेवलेली. सकाळी केस बांधून, पातळ खोचून सिस्टर झाडापाशी उभ्या राहत आणि मला शेजारी उभं करत. "कात्री" म्हटलं की कात्री द्यायची, "करवत" म्हटलं की करवत. बोलायचं नाही. आधी वाळलेलं काढायचं, मग आतल्या आत एकमेकांत घुसलेलं, मग सगळ्यात जुन्या, जाड झालेल्या फांद्या थेट बुडातून. उरलेल्यांचे शेंडे डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या गाठीच्या, किंचित वर, तिरके. तासाभरात एवढं मोठं झुडूप जायचं आणि गुडघ्याएवढे बोडके खुंट आणि पाखरांसाठी राखलेल्या दोन-चार ताठ काड्या उरायच्या. पहिल्या वर्षी मला रडूच आलं.

"आत्ता कापलं तर पावसात नवी काडी येते," सिस्टर म्हणाल्या. "तीच काडी पुढच्या वर्षी फुलते. दिवाळीनंतर कात्री लावलीस तर सगळा बहर कापलास. झाड जगेल, पण त्या वर्षी मुकं राहील."

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांचा गुलाबाचा शौक. रांगेत कुंड्या, प्रत्येक कुंडीला पाटी. त्यांना सिस्टरांची ही छाटणी बघवत नसे. ते दर वर्षी कुंपणाशी येऊन सांगत की बाई, तुम्ही झाडाचा खून करताय. सिस्टर कुंपणावरून हात घालून त्यांची नाडी बघत. मग एका उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. नळ कधी तरी यायचा, कॉलनीत टँकर येई तेव्हा रांगा लागत. त्या उन्हाळ्यात सुभेदारांचे गुलाब एकामागून एक गेले. आणि इकडे धायटी लालबुंद. सुभेदारांनी चारचौघांत बोलून दाखवलं की ही बाई प्यायचं पाणी झाडाला घालते. हे कानावर आल्यावर सिस्टर त्यांना हाताला धरून बागेत घेऊन आल्या आणि बुडाशी हात खुपसायला लावला. कोपरापर्यंत हात घातला तरी मुरूम कोरडा ठणठणीत. लहान असताना दोन उन्हाळे पाणी दिलं, त्यानंतर थेंबसुद्धा नाही, असं सिस्टरांनी सांगितलं. सुभेदार हात झटकून घरी गेले. त्यानंतर त्यांनी गुलाब लावले नाहीत. मे महिन्यात मात्र कुंपणाशी खुर्ची टाकून बसत आणि छाटणी संपली की उठून जात.

या झाडाचं रोप कुठून आणलं, असं मी एकदा विचारलं होतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून, पहिली नोकरी तिकडे होती, एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं कळायला मला तीन-चार वर्षं जावी लागली.

सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुसऱ्यांना सुया टोचण्यात आयुष्य गेलेली ही बाई स्वतःच्या ऑपरेशनला मात्र इतकी घाबरली की दोनदा तारीख घेऊन गेलीच नाही. शेवटी मी रजा काढून घेऊन गेले. घरी आणल्यावर डोळ्यात थेंब घालायचं काम माझं. दुपारी त्या पलंगावर उताण्या पडून असत, मी उशाशी. बाहेर धायटीवर शिंजिरांची चिवचिव चाललेली असे आणि त्यांना काही दिसत नसे. अशाच एका दुपारी, डोळे मिटलेले असताना, त्या बोलल्या.

डोंगरातला तो दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे सिस्टरांचं क्वार्टर. डॉक्टर आठवड्यातून एखादा दिवस येणार. पावसाळ्यात एक बाळंतीण आली. रस्ता वाहून गेलेला, गाडी येईना. मूल झालं, मुलगी, पण आईचं रक्त थांबलं नाही. सिस्टरांनी हाताशी होतं ते सगळं केलं. ती गेली. बाप शेतमजूर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. त्यानं हात जोडले, काही दिवस सांभाळा म्हणाला. ते काही दिवस दोन पावसाळे चालले.

"माझ्या क्वार्टरमागे धायटी होती," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला कडेवर घेऊन तिथं उभी राहायची. फूल तोडून तिच्या जिभेवर मध लावायची. पाखरू आलं की ती हाताची मूठ उघडायची, मिटायची. मी तिला आई म्हणायला शिकवलं नाही. सिस्टर म्हण, असंच सांगायची. तिला ते जमायचं नाही. तिस्ता म्हणायची."

मग बापानं दुसरं लग्न केलं. नवी बायको घेऊन तो मुलीला न्यायला आला. भला माणूस होता, सिस्टर म्हणाल्या, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मूल त्याचंच होतं. मुलगी सिस्टरांचा पदर सोडेना. त्या नव्या बायकोनं, कोवळीच होती ती, पदर सोडवून घेताना खाली मान घातली होती. सिस्टरांनी त्याच महिन्यात बदलीचा अर्ज केला. निघताना क्वार्टरमागची धायटीच्या बुडाशी फुटलेला एक कोंब मुळासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला.

त्यानंतर त्या तिकडे कधी गेल्या नाहीत. पण त्यांना सगळं ठाऊक होतं. तिकडच्या नर्स, आशा ताई ट्रेनिंगला नगरला आल्या की सिस्टर त्यांना चहाला बोलवत आणि दहा गोष्टींत मिसळून तिची गोष्ट विचारत. मुलगी दहावी झाली, तिचं लग्न झालं, सासर त्याच डोंगरात पुढच्या वाडीत, दोन मुलं, बाप मागेच वारला. सगळी बातमी.

मी विचारलं, मग गेला का नाहीत?

मी डोळ्यात थेंब टाकला तो गालावर ओघळला, कानापाशी गेला. मी पुसला.

"डोळे नीट होऊ देत," त्या म्हणाल्या. "एकदा बघून यायचं. बोलायचं काही नाही. बघून यायचं."

पट्टी निघाल्यावर त्या आधी बागेत गेल्या. धायटीकडे बघून म्हणाल्या, "एवढी लाल होती? मी काय बघत होते मग इतकी वर्षं?" आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

एसटीनं संगमनेर, तिथून अकोले, पुढे जीप. सिस्टरांनी रविवारचं पातळ नेसलं होतं. रस्ता डोंगरात शिरला तशी दोन्ही बाजूंना उतारांवर धायटी दिसायला लागली. कुणी न लावलेली, कुणी न कापलेली, आडवीतिडवी माजलेली. मी दाखवत होते. त्या खिडकीतून बघत होत्या आणि मांडीवर एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून बसल्या होत्या.

घर सापडायला वेळ लागला नाही. सारवलेलं अंगण, पत्र्याची पडवी, कोपऱ्यात मोटरसायकल. मागे बांधाला धायटीचं एक मोठं, वेडंवाकडं झुडूप. एक चाळिशीतली बाई धान्य पाखडत होती आणि पडवीत एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं की ह्या पूर्वी इथल्या दवाखान्यात होत्या, जुनी गावं बघायला आल्या आहेत. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि घोंगडी अंथरली. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

सिस्टरांना नाडी बघताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या नेहमी लांब कुठेतरी बघायच्या. त्या दिवशी त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि हात सोडलाच नाही. ती बाई आधी हसली, मग जराशी बावरली, माझ्याकडे बघायला लागली.

"काय हाय का वो बाई? काय दुखनं हाय का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "चालू आहे. छान चालू आहे."

तेवढ्यात पडवीतल्या म्हातारीच्या हातातली लसणाची पाटी खाली पडली. तिनं सिस्टरांना ओळखलं होतं. तीच ती नवी बायको, लेकीकडे चार दिवस राहायला आलेली. ती उठली, लेक हलायच्या आत उठली आणि चहा टाकायला चुलीकडे गेली. लेक म्हणाली, "आई, तू बस, मी करते." म्हातारी म्हणाली, "आसू दे. मी करते." सिस्टरांनी ते 'आई' ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला कळलं. त्या मुलीला आपली जन्माची आई दुसरीच होती हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

चहा आला. फार गोड होता. म्हातारीनं कपबशी सिस्टरांच्या हातात दिली. ती समोर बसली, पण तिनं मान वर केली नाही. लेक मात्र मोकळी बोलत होती. मुलं शाळेत गेली होती. मालक टेम्पो चालवतो. मोठी मुलगी लई हुशार हाय, तिला नर्स करायची, म्हणाली. सिस्टर ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, मागची धायटी कुणी लावली?

लावली न्हाई, आपोआपच आली, ती म्हणाली. पण आता निसती वाढती, वरच्या वर चार फुलं येत्यात, काढून टाकावी म्हन्ते.

सिस्टर उठल्या, तिला घेऊन झाडापाशी गेल्या. आता फुलं आहेत, हात लावू नकोस, असं त्यांनी तिला समजावलं. फुलं सरली की पावसाच्या आधी काप, न भिता काप, जुन्या फांद्या बुडातून काढ. पाखराला बसायला एखादी काडी ठेव. कुठला डोळा धरायचा ते त्यांनी तिच्या बोटावर बोट ठेवून दाखवलं. ती लक्ष देऊन बघत होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. माझ्या मनात आलं, आता सिस्टर बोलतील. त्यांनी पुढची फांदी दाखवली.

निघताना लेक माझा मोबाईल नंबर घेत होती, पुढे तिच्या मोठ्या मुलीसाठी नर्सिंगची चौकशी करायला उपयोगी पडेल म्हणून. सिस्टर पडवीत म्हातारीपाशी थांबल्या होत्या. मला पाठीमागून ऐकू आलं.

"चांगली वाढवलीत," सिस्टर म्हणाल्या.

म्हातारीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. सिस्टरांनी वाकून तिचंही मनगट धरलं, थोडा वेळ, आणि आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत त्या झोपल्या. संगमनेरला उठवलं तेव्हा म्हणाल्या, "हात खरबरीत आहेत तिचे. कामाची आहे." बाकी त्या दिवसाबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत.

त्या मे महिन्यात त्यांनी खुर्चीत बसून छाटणी करवली. दम लागायचा त्यांना. कात्री माझ्या हातात होती आणि त्या बोटानं दाखवत होत्या. शेवटची फांदी मी कापली तेव्हा सुभेदारांनी कुंपणापलीकडून टाळी वाजवली. सिस्टरांनी दटावलं, ऑपरेशन थिएटरमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून. पावसात काड्या फुटल्या, सरळसोट, लालसर. दिवाळीनंतर काही दिवसांनी सिस्टरांना छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरसवदा नर्सनं नाडी बघायला हात धरला, तर सिस्टरांनी दुसऱ्या हातानं तिची बोटं सरकवून योग्य जागी ठेवली. ते त्यांचं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. श्रीरामपूरहून भाचे आले, त्यांनी सगळं रीतसर केलं. मला म्हणाले, घर विकेपर्यंत राहा.

मी राहिले. त्या वर्षी धायटी अशी फुलली की रस्त्यानं जाणारे थांबायचे. स्कूटीच्या आरशांवर मी मोजे चढवले, कुणी सांगणारं नव्हतं तरी. घरात पाय न वाजवता चालायची. कधी कधी खालच्या दारापाशी उभी राहून माझं मनगट मीच धरून बघायची. कळायचं काहीच नाही.

आणि एका दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडून बाईचा आवाज, मागे कुणीतरी मुलं भांडत होती. तिनं आधी धायटीचं सांगितलं. सांगितल्यासारखी कापली हुती, लई फुललीय औंदा, पाखरं हटत न्हाईत. मग म्हणाली, "त्या बाईंना जरा द्या ना फोन."

मी सांगितलं, सिस्टर गेल्या.

मग ती बोलायला लागली. म्हातारीनं तिला सगळं सांगितलं होतं. संक्रांतीच्या सुमाराला, आपणहून. आधी ती रागावली, दोन दिवस जेवली नाही. मग राग गेला. म्हणाली, आई ती आईच हाय माजी, त्यात काय बदल न्हाई. पण जी गेली ती कशी हुती, हे कुणालाच सांगता येईना. बाप गेलेला. फोटो नाही. आईनं तिला बघितलेलंच नाही. गावातली जुनी माणसं म्हणतात, हुती एक, गरीब हुती. तिला शेवटी जवळून बघितलेली, तिच्याशी बोललेली एकच बाई उरली होती, आणि तिला विचारायला म्हणून तिनं फोन केला होता.

"तुमाला काय सांगितलं का त्यांनी कधी? तिच्याबद्दल?"

सांगितलं होतं, एकदाच. शेवटच्या पावसाळ्यात, लाईट गेली होती आणि आम्ही दोघी दारात बसलो होतो, तेव्हा सिस्टर आपणहून बोलल्या होत्या. मला तेवढंच माहीत होतं. मी तिला ते सांगितलं. तुझी आई दवाखान्यात आली तेव्हा पावसानं चिंब भिजली होती, केस सुटून तोंडावर आलेले. कळा चालू होत्या. त्यातच तिनं सिस्टरांना विचारलं, बाई, तेल हाय का? जरा माझी वेणी घालून द्या. सिस्टर म्हणाल्या, आत्ता कसली वेणी? तर ती म्हणाली, बाळ मला पहिल्यांदा बघंल, मी अशी झिंज्या पिंजारून कशी दिसू? सिस्टरांनी कंदिलाजवळचं खोबरेल घेतलं आणि दोन कळांच्या मधल्या वेळात तिचे केस विंचरून वेणी घालून दिली. तिनं हातानं चाचपून बघितली. बरी दिसते का, विचारलं. मग तू झालीस. तिनं तुला बघितलं. तू डोळे उघडले होतेस.

पलीकडे मुलांचं भांडण थांबलं होतं. ती रडत होती की नाही, मला कळलं नाही. मग तिनं विचारलं, "एक घातली हुती, का दोन?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. सिस्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

ती विचार करत असावी. मग म्हणाली, "बाळंतपनात उताणं पडावं लागतंय. एक वेणी पाठीत रुतती. दोनच घातल्या आसतील."

"हो," मी म्हणाले. "दोनच असतील."